डोळ्यातल्या पाण्याचा हिशेब

प्रति,
माननीय आरोग्य व कुटुंबकल्याण मंत्री,
कर्नाटक राज्य,
विधानसौध, बंगळुरू.



मी मूळची निपाणीची. गेली सतरा वर्षं बंगळुरूत, जयनगरला राहते. या पत्राची कन्नड प्रत आपल्या कार्यालयाकडे वेगळी पाठवली आहे. मूळ पत्र मात्र मराठीत लिहिते आहे, कारण माझी अडचण भाषेपासूनच सुरू झाली. डोळ्यांत काय होतंय ते मला मराठीत नीट सांगता येत होतं. डॉक्टरांसमोर इंग्रजीत सांगायला गेले की त्या सगळ्याचं नुसतं ‘ब्लर’ होऊन जायचं, आणि ‘ब्लर’ म्हटलं की ते भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवायचे. तक्ता तर मला शेवटच्या ओळीपर्यंत वाचता येत होता.

येत्या महिन्यात माझी भाची निपाणीहून इथं येणार आहे. एकवीस वर्षांची आहे, चष्म्याचा नंबर उणे साडेचार. घरात स्थळं बघायला सुरुवात झाली आहे आणि त्याआधी चष्मा घालवायचा असं घरच्यांनी ठरवलं आहे. तिनंही ठरवलं आहे. मी तिला अडवणार नाही. तिच्या डोळ्यांवर लेझर चालण्याआधी कुणीतरी तिच्या डोळ्यातलं पाणी मोजावं, एवढंच मला हवं आहे. आणि ते फक्त तिची मावशी बंगळुरूत आहे म्हणून घडू नये, कुणाचीच मावशी इथं नसली तरी घडावं, यासाठी आपल्याला लिहिते आहे.

माझी स्वतःची लेझर शस्त्रक्रिया नऊ वर्षांपूर्वी याच शहरात झाली. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण जे घडलं ते एकाच ठिकाणी घडतं असं नाही. उजव्या डोळ्याचा नंबर उणे साडेपाच होता, डाव्याचा उणे पाच. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा हात सवयीनं उशाशी चष्मा चाचपडत गेला आणि मधेच थांबला. पंख्याची पाती वेगवेगळी दिसत होती. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे दिसत होते, निळा कुठला आणि हिरवा कुठला तेही. नवऱ्याला उठवून मी ते चिमटे मोजून दाखवले. तो आनंद खरा होता आणि मी आजही तो नाकारत नाही.

चौथ्या महिन्यापासून रात्री गाडी चालवणं अवघड व्हायला लागलं. सिल्क बोर्ड चौकातल्या गर्दीत समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याच्या कडा विसविशीत कापडासारख्या सुटलेल्या दिसायच्या. ऑफिसात पडद्यावरचा मजकूर वाचताना पहिल्या दोन ओळी स्वच्छ, तिसऱ्या ओळीपाशी अक्षरांवर कुणी तेलाचं बोट फिरवल्यासारखं. पापणी मिटून उघडली की पुन्हा स्वच्छ. मग पुन्हा तेच. दिवसभर माझी नजर अशी येत होती आणि जात होती. तपासायला गेले की पाच वेळा तेच उत्तर मिळालं: सिक्स बाय सिक्स आहे, दृष्टी उत्तम आहे. सहाव्या खेपेला सांगण्यात आलं की मी फार मनावर घेते. घरी आले आणि खरंच आपण मनावर घेतोय का, असा विचार करत बसले. पुढची दोन वर्षं मी कुणाला काही सांगितलं नाही.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका डॉक्टरांकडे वेगळ्याच कारणासाठी गेले होते. त्यांनी तक्त्यावरचं एकच अक्षर दाखवलं आणि म्हणाले, पापणी न लववता बघत राहा, अक्षर मोडलं की सांगा. मी मनात आकडे मोजत होते. तीन म्हणायच्या आत ‘ई’ची खालची आडवी रेघ विरघळली. मग त्यांनी कागदाची एक बारीक पट्टी टोकाशी दुमडून माझ्या खालच्या पापणीत अडकवली आणि घड्याळ लावलं. ही शिर्मर चाचणी. जर्मन नेत्रवैद्य ओटो शिर्मर यांनी ती १९०३ साली मांडली, म्हणजे लेझरचा शोध लागायच्या कितीतरी आधी. पट्टी ५ मिलिमीटर रुंद, ३५ मिलिमीटर लांब. पाच मिनिटांत ती किती भिजते ते पट्टीवरच मोजायचं. दहा मिलिमीटरच्या पुढं गेली तर साधारण ठीक, पाचच्या आत राहिली तर डोळा कोरडा. माझी चारवर थांबली. त्या पाच मिनिटांत मला कळलं की तेव्हा मी जे सांगत होते ते खरं होतं, आणि मला रडू आलं. डॉक्टर म्हणाले, हे पाणी वेगळं, हे मोजायचं नाही.

ते बरोबर बोलत होते. रडण्याचं पाणी वेगळ्या कारणानं येतं आणि गालावरून वाहून जातं. न रडणाऱ्या डोळ्यावर मात्र पाण्याचा एक थर अखंड पसरलेला असतो आणि पापणीच्या प्रत्येक उघडझापीबरोबर तो नव्यानं सारवला जातो. त्याची जाडी साधारण ३ मायक्रॉन. एका डोळ्यात असं पाणी असतं सुमारे ७ मायक्रोलिटर, औषधाच्या बाटलीतून पडणाऱ्या एका थेंबाचा जेमतेम सहावा हिस्सा. वर तेलाची साय असते, पापण्यांच्या कडेच्या मायबोमियन ग्रंथींतून येणारी, तिच्यामुळे पाणी लगेच उडून जात नाही. मधे अश्रुग्रंथींचं पाणी. तळाशी म्यूसिन, जे त्या पाण्याला कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, धरून ठेवतं. ते नसेल तर मेणकापडावर सांडल्यासारखं पाणी थेंबाथेंबांनी सुटं होईल. बाहेरून येणारा प्रकाश हवेतून पहिल्यांदा शिरतो तो याच थरात. डोळ्याची एकूण ताकद सुमारे ६० डायॉप्टर, त्यातली दोन तृतीयांशाहून जास्त कॉर्नियाच्या बाजूची, आणि त्या बाजूचा सर्वांत बाहेरचा पृष्ठभाग कॉर्नियाचा नसतो, पाण्याचा असतो. आपण सगळे जग बघतो ते पाण्यातूनच.

याच्या शेजारी लेझरचं गणित ठेवून बघावं. ६ मिलिमीटर रुंदीच्या भागात एक डायॉप्टर नंबर घालवायला कॉर्नियाचा साधारण १२ मायक्रॉन थर काढावा लागतो. माझ्या साडेपाच नंबरासाठी ६६ मायक्रॉन, डोक्याच्या केसाच्या जाडीच्या आसपास. लेझरचा एक ठोका पाव मायक्रॉनच्या जवळपास थर उडवतो, म्हणजे किती बारकाई! ती बारकाई ज्या शोधातून आली त्याच्या मुळाशी मद्रासमध्ये जन्मलेले आणि तिथल्याच विद्यापीठात शिकलेले एक रसायनशास्त्रज्ञ आहेत, रंगास्वामी श्रीनिवासन. १९८१ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, सणाच्या जेवणातला उरलेला टर्कीचा तुकडा घेऊन ते आयबीएमच्या यॉर्कटाउन हाइट्सच्या प्रयोगशाळेत गेले. जेम्स विन आणि सॅम्युएल ब्लम या सहकाऱ्यांबरोबर ते जो अतिनील एक्सायमर लेझर वापरत होते, त्याचा झोत त्या तुकड्यावर सोडला. रेघ कोरली गेली, पण तिच्या कडा भाजल्या नव्हत्या. दोन वर्षांनी नेत्रशल्यविशारद स्टीफन ट्रोकेल यांच्याबरोबर श्रीनिवासन यांनी तेच कॉर्नियावर करून दाखवलं. आज जगभरात कोट्यवधी डोळ्यांवर हे काम झालं आहे. दक्षिण भारतातल्या एका माणसाचा त्यात एवढा मोठा वाटा आहे याचा मला, जिच्या डोळ्यांत त्याच झोतानं काम केलं तिला, अभिमान वाटतो.

पण पाव मायक्रॉनच्या हिशेबानं घडवलेल्या त्या पृष्ठभागावर शेवटी ३ मायक्रॉनचं पाणीच पसरायचं असतं. ते तीन सेकंदांत फाटलं तर खालची सगळी कोरीव मेहनत त्या फाटक्या काचेतून दिसते. तपासणीच्या खोलीतल्या तक्त्यावर हे पकडलं जात नाही, कारण तिथं काळी अक्षरं पांढऱ्या उजेडात असतात, आणि एक अक्षर वाचायला लागणाऱ्या वेळात माणूस हव्या तितक्या वेळा पापणी लववतो. सिक्स बाय सिक्स हा आकडा खोटा नाही. पापणी लवल्यानंतरच्या पहिल्या क्षणाचा तो आकडा आहे. दृष्टीचा दर्जा म्हणजे त्यापुढच्या दहा सेकंदांत काय होतं ते. शिवाय थर फाटलेला असताना कॉर्नियाचा नकाशा काढला तर तो नकाशाही चुकू शकतो, आणि त्याच नकाशावर पुढं लेझर चालतो.

आता प्रथिनांकडे येते, कारण या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तो आहे. या चिमूटभर पाण्यात दीड हजारांहून जास्त वेगवेगळी प्रथिनं सापडली आहेत. त्यातलं पहिलं ठळक नाव लायसोझाइम. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी पेनिसिलिनच्या सहा वर्षं आधी, १९२२ मध्ये ते जगापुढं मांडलं, आणि त्यासाठी अश्रू मिळवायला ते सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबाची साल पिळत. लायसोझाइम आणि लॅक्टोफेरिन जंतूंना आवर घालतात, लिपोकॅलिन तेल आणि पाणी यांची गाठ घालून देतं. अश्रुग्रंथी नीट चालते आहे की नाही हे या प्रथिनांच्या प्रमाणावरून कळतं. ग्रंथी थकली की ही कमी होतात. मग ज्यांचं प्रमाण वाढतं ती दुसऱ्या जातीची प्रथिनं असतात, दाहाची. त्यांतलं एक मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज-९, डॉक्टर त्याला एमएमपी-९ म्हणतात. कॉर्नियाच्या वरच्या पेशी एकमेकींना जिथं घट्ट धरून असतात ते सांधे ते उसवतं. सांधे उसवले की पृष्ठभाग खडबडीत होतो, खडबडीत पृष्ठभागावर पाणी टिकत नाही, पाणी टिकलं नाही की पेशी आणखी दुखावतात आणि आणखी एमएमपी-९ तयार होतं. माझ्या सिल्क बोर्डवरच्या दिव्यांच्या सुटलेल्या कडा या चक्राच्या शेवटच्या टोकाला होत्या.

हे चक्र लेझरनंतर का सुरू होतं? कॉर्निया हा शरीरातल्या सर्वांत जास्त चेतातंतू असलेल्या भागांपैकी एक. डोळा कोरडा पडतोय हे मेंदूला कळवायचं काम तेच करतात आणि मग ग्रंथीला पाणी सोडायची आज्ञा मिळते. लॅसिक या पद्धतीत कॉर्नियाचं जे झाकण उचलतात, ते उचलताना बिजागरीपुरते तंतू राहतात आणि बाकीचे कापले जातात. ते परत वाढायला सहा महिने, वर्ष, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. ‘स्माईल’ पद्धतीत झाकण नसतं, २ ते ४ मिलिमीटरच्या छोट्या छेदातून आतली चकती ओढून काढतात, त्यामुळे तंतू कमी तुटतात. कमी, म्हणजे तुटत नाहीत असं नाही. बहुतेकांच्या डोळ्यांत तंतू वाढतात, ग्रंथी सावरते, वर्षभरात सगळं जाग्यावर येतं. ज्यांच्या डोळ्यांत आधीपासूनच ग्रंथी थकलेली आणि दाह सुरू झालेला असतो, त्यांचं येईलच असं नाही.

आणि माझे डोळे तर आधीपासूनच तसे होते. शस्त्रक्रियेआधी दहा वर्षं मी कॉन्टॅक्ट लेन्स वापरत होते. शेवटच्या दोन वर्षांत त्या डोळ्यांत टिकेनात. दुपारी तीननंतर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं, ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन लेन्स काढून डबीत ठेवायची आणि चष्मा लावायची. लेझरचा विचार मुळात त्यामुळेच केला. तपासणीच्या दिवशी कॉर्नियाची जाडी मोजली गेली, नकाशा काढला गेला, औषध घालून बाहुली मोठी करून आतला पडदा तपासला गेला. सगळं आधुनिक, सगळं व्यवस्थित. लेन्स का सोडल्या, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. कोरड्या डोळ्यांमुळे ज्यांना लेन्स झेपत नाहीत अशी कितीतरी माणसं लेझरकडे वळतात, आणि शस्त्रक्रियेआधीचा कोरडेपणा हाच नंतरच्या कोरडेपणाचा सगळ्यात मोठा इशारा असतो, हे मला आज ठाऊक आहे. हा प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही, जागा लागत नाही, अर्धं मिनिट लागतं. नऊ वर्षांत माझा राग बराच निवला आहे, पण या अर्ध्या मिनिटापाशी येऊन तो अजून अडतो.

संमतीपत्रावर सही केली ती बाहुल्या मोठ्या झालेल्या असताना. समोरचं अक्षर दिसत नव्हतं. काउन्सेलरनं बोट ठेवलं तिथं मी सही केली. मजकूर इंग्रजीत होता. दिसला असता तरी त्यात माझ्या पाण्याबद्दल काही नव्हतं.

मंत्रिमहोदय, बंगळुरूत हे घडावं याचं दुःख जास्त आहे, कारण अश्रूंतल्या प्रथिनांचा अभ्यास ज्या शहरांत पुढं गेला आहे त्यांत आपलं शहर आहे. डॉ. के. भुजंग शेट्टी यांनी १९८२ मध्ये नारायण नेत्रालय सुरू केलं. तिथं माझी शस्त्रक्रिया झाली नव्हती, हे स्पष्ट सांगते, म्हणजे गैरसमज नको. त्यांच्या संस्थेची ‘ग्रो’ नावाची संशोधन प्रयोगशाळा होसूर रस्त्यावर बोम्मसंद्रला आहे. डॉ. रोहित शेट्टी आणि डॉ. अर्कशुभ्र घोष यांच्या गटानं तिथं केराटोकोनस या आजाराच्या रुग्णांचे अश्रू तपासले. या आजारात कॉर्निया पातळ होत होत शंकूसारखा पुढं येतो. २०१५ मध्ये त्यांनी दोन गोष्टी प्रसिद्ध केल्या. या रुग्णांच्या डोळ्यांत एमएमपी-९ वाढलेलं असतं आणि सायक्लोस्पोरिनच्या थेंबांनी ते खाली आणता येतं. आणि लायसिल ऑक्सिडेज, म्हणजे कॉर्नियाचे धागे एकमेकांना विणून ठेवणारं जे एन्झाइम, त्याची क्रिया अशा रुग्णांच्या अश्रूंत कमी भरते. पुढच्याच वर्षी कोरड्या डोळ्यांचा आणि रक्तातल्या ड जीवनसत्त्वाचा संबंधही त्यांनी तपासला. अश्रू गोळा करायला ते काय वापरतात? तीच शिर्मरची कागदी पट्टी.

या कामाचा अर्थ माझ्यासारख्या सामान्य बाईला असा लागतो: ज्या कॉर्नियाला लेझर सोसणार नाही, त्याची चाहूल डोळ्यातल्या पाण्यात आधी लागू शकते. कच्च्या कॉर्नियावर लेझर चालवला तर तो पुढं फुगू शकतो आणि मग चष्म्यानंही नजर पूर्ण परत येईलच असं नाही. आपल्याकडे अशा कॉर्नियाची भीती दूरची नाही. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या मोठ्या पाहणीत, जिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले, साडेचार हजारांहून जास्त लोकांत २.३ टक्क्यांना केराटोकोनस असल्याचं नोंदवलं गेलं. त्या पाहणीची व्याख्या जरा सैल होती असं तज्ज्ञ म्हणतात. सैल म्हणून आकडा निम्मा केला तरी तो लहान होत नाही. त्यात बंगळुरूची धूळ, झाडांचे परागकण, मोकळ्या प्लॉटवर माजलेलं काँग्रेस गवत, आणि त्यामुळे सतत चोळले जाणारे डोळे. शिवाय दिवसाचे दहा तास थंड हवेच्या झोताखाली पडद्यासमोर बसणारी माणसं, ज्यांची पापणी मिनिटाला पंधराऐवजी पाच-सहा वेळाच लवते. लेझर करून घ्यायला येणारा वर्ग नेमका हाच आहे.

मी लेझरच्या विरोधात नाही, हे पुन्हा लिहिते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं लॅसिकच्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी आणि नंतर सविस्तर प्रश्न विचारून जो अभ्यास केला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. त्यात ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या दृष्टीवर समाधानी होते. पण त्याच अभ्यासात, आधी डोळ्यांसमोर वलयं, चमक, दुहेरी प्रतिमा यांतलं काहीही नसलेल्या लोकांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणांना तीन महिन्यांनी यांतलं काहीतरी नव्यानं दिसायला लागलं होतं. आधी कोरडेपणाची तक्रार नसलेल्यांपैकी जवळपास २८ टक्क्यांना ती सुरू झाली होती. हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे आहेत. रुग्णाला दोन्ही सांगायला हवेत. बहुतेक जण तरीही हो म्हणतील. मीही कदाचित म्हटलं असतं, पण आधी सहा महिने डोळ्यांवर उपचार करून घेतले असते. तेल साकळलेल्या पापण्यांना शेक, दाह उतरवणारे थेंब, ड जीवनसत्त्व, आणि पट्टी दहाच्या पुढं गेल्यावरच तारीख. पट्टी सरकलीच नसती तर चष्मा. चष्म्यानं काही बिघडत नाही.

आपल्या हातात काय आहे ते मी थोडंफार वाचलं आहे. कर्नाटकचा खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा २००७ चा आहे आणि रुग्णांच्या हक्कांची सनद त्यात आहे. संमती म्हणजे नुसती सही नव्हे, रुग्णाला पुरेशी माहिती देऊन आणि समजावून घेतलेली संमती, हे सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात सांगितलं आहे. तेव्हा नव्या कायद्याची गरज नाही. एक परिपत्रक पुरेल. चष्म्याचा नंबर घालवण्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियेआधी शिर्मर चाचणी, पाण्याचा थर फुटायला लागणारे सेकंद आणि पापणीच्या ग्रंथींची स्थिती या तीन गोष्टी केसपेपरवर नोंदल्या जाव्यात आणि त्याची प्रत रुग्णाला मिळावी. लेन्स वापरत होता का आणि का सोडल्या, हा प्रश्न छापील असावा, म्हणजे तो विचारणं कुणाच्या आठवणीवर राहणार नाही. एमएमपी-९ साठी दहा मिनिटांची चाचणी अमेरिकेत गेली दहा वर्षं दवाखान्यात बसल्या बसल्या होते. ती आज सगळ्यांना परवडणार नाही हे मला मान्य आहे, पण इथल्याच प्रयोगशाळांच्या मदतीनं ती स्वस्तात करता येते का हे सरकारनं बघायला हवं. कागदाच्या पट्टीला मात्र परवडत नाही हे कारण चालणार नाही.

संमतीपत्र कन्नडमध्ये हवं हे तर उघडच आहे. पण बेळगाव, खानापूर, निपाणी, बिदरकडून येणाऱ्या मराठी माणसाला ते मराठीत मिळावं, आणि तसंच तमिळ, तेलुगू, उर्दू, हिंदी बोलणाऱ्यालाही. त्यात त्याचे स्वतःचे आकडे लिहिलेले असावेत, आणि ते घरी न्यायला मिळावं. बाहुल्या मोठ्या केलेल्या माणसाकडून त्या दिवशी सही घेऊ नये. हे लिहावं लागतं याचं वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट, माझ्या दृष्टीनं सगळ्यात निकडीची. लेझर झालेल्या आणि नंतर त्रास होणाऱ्या माणसानं जायचं कुठं? जिथं केलं तिथं गेलं की सिक्स बाय सिक्स ऐकायला मिळतं. काही थोड्या लोकांत तर तुटलेले तंतू चुकीचे जुळतात आणि डोळा कोरडा नसतानाही रात्रंदिवस दुखतो, तपासणीच्या यंत्राखाली मात्र काहीच दिसत नाही. अशा माणसांना वेडं ठरवलं जातं. मिंटो नेत्र रुग्णालय १८९६ पासून या शहराचं आहे, सरकारी आहे, आणि तिथं कुणाला कुणाचा नंबर घालवून पैसे मिळवायचे नाहीत. तिथं आठवड्यातून एक दिवस फक्त अशा रुग्णांसाठी ओपीडी सुरू व्हावी. तिथं आलेल्या प्रत्येकाची नोंद व्हावी, लेझर कधी झालं, कुठल्या पद्धतीनं, आधी पाणी मोजलं होतं का. चार-पाच वर्षांत आपल्याकडे आपल्या लोकांचे आकडे असतील आणि मग मला अमेरिकेचे सांगावे लागणार नाहीत.

या शहराला डोळ्यांचं मोल कळत नाही असं नाही. कन्नड अभिनेते डॉ. राजकुमार गेले तेव्हा, २००६ मध्ये, त्यांच्या डोळ्यांचं दान झालं. २०२१ मध्ये त्यांचे पुत्र पुनीत राजकुमार गेले आणि त्यांच्या दोन डोळ्यांचे कॉर्निया थर वेगळे करून चार जणांना लावले गेले. त्यानंतर नेत्रदानाचे अर्ज भरायला लोक रांगेत उभे राहिले होते. माझ्या शेजारच्या फुलवालीनंही भरला, मला फॉर्म वाचून दाखवायला सांगितला. मेल्यानंतरच्या डोळ्यांची एवढी काळजी घेणारं हे शहर आहे.

आज मी दिवसातून चार वेळा थेंब घालते, रात्री पापण्यांना शेक देते, रात्रीची गाडी चालवत नाही. पट्टी गेल्या वेळी सातपर्यंत गेली होती. दर वीस मिनिटांनी पडद्यावरून नजर उचलून खिडकीबाहेर बघते आणि पापणी मुद्दाम दहा वेळा लववते. हे पत्र लिहितानाही तेच केलं.

भाचीची तपासणी येत्या महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी ठरली आहे. लेन्स तिनं कधी वापरल्या नाहीत, पण परीक्षेच्या दिवसांत डोळे चुरचुरतात असं ती फोनवर सहज बोलून गेली. मी बरोबर जाणार आहे. पट्टी मागून घेणार आहे आणि घड्याळ माझ्या हातात असेल. जो आकडा येईल तो तिच्या आईला मराठीत सांगेन. त्या सोमवारच्या आत आपलं परिपत्रक निघेल अशी अपेक्षा नाही. पण त्या दिवशी त्याच बाकावर आणखी आठ-दहा मुलं-मुली बसलेली असतील, बाहुल्या मोठ्या झालेल्या, हातात न वाचता येणारे कागद धरून, आणि त्यांच्याबरोबर कुणी असेल की नाही मला ठाऊक नाही.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक नागरिक आणि रुग्ण
जयनगर, बंगळुरू